बारा ते दोनचा पहारा

देवाशी मी बरीच वर्षं अबोला धरला होता. दिवा लावत होते, तुळशीला पाणी घालत होते, एकादशीला साबुदाणा भिजवत होते, सगळं रीतीनं चाललं होतं. फक्त बोलत नव्हते. एका घरात रुसलेली माणसं एकमेकांना वाढतात पण तोंडाकडं बघत नाहीत, तसं आमचं होतं. माझा स्वभाव मुळातच तापट. अंगणवाडीत चाळीस लेकरं सांभाळून तो आणखी तिखट झाला. गावात मला सगळे 'बाई' म्हणतात आणि माझ्या तोंडी कुणी लागत नाही. त्या तोंडानं एकदा देवाला म्हणून ठेवलं होतं, की माझ्या भावाचं काय ते बघ, तोवर तुझं माझं बोलणं बंद. त्यानं काही बघितलं नाही असं मला वाटत होतं, म्हणून मीही माघार घेतली नव्हती.

भाऊ म्हणजे रंगनाथ. माझ्याहून चौदा वर्षांनी धाकटा, शेंडेफळ. मी लग्नानंतर चारच वर्षांत कपाळ पांढरं करून माहेरी परत आले, तेव्हा तो पदर धरून मागं मागं फिरायचा. आमच्या घराण्यात परभणीला कॉलेजात गेलेला तो पहिला. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत घरी आला आणि ताटाकडं बघून म्हणाला, "अक्का, ह्यात कुणीतरी कायतरी कालवलंय." आम्ही हसलो. आठ दिवसांत हसू पळालं. त्याला आवाज ऐकू यायचे, भिंतीकडं बघून तो त्यांच्याशी भांडायचा, रात्रंदिवस डोळ्याला डोळा नाही. मग काय, आमच्याकडं जे होतं ते सगळं झालं. अंगारे झाले, दोरे झाले, उतारे झाले. एका ठिकाणी पाच दिवस ठेवलं होतं. त्या पाच दिवसांबद्दल लिहायला हात उठत नाही. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. ते मला नीट म्हणता यायला आठवडा लागला. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं आणि दोनेक वर्षांत रंगनाथ शांत झाला. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं.

पण शांत म्हणजे किती शांत! सकाळी ओट्यावर बसवलं की दुपारी उठवेपर्यंत तिथंच. आई गेली, दादा म्हणजे आमचे वडील गेले आणि आम्ही दोघंच उरलो. मी त्याची इतकी काळजी घेतली, की त्याला करायला काहीच ठेवलं नाही. गोळी मी हातावर ठेवायची, पाणी मी द्यायचं, दाढीला न्हावी मी बोलवायचा. कुणाकडं गेलो तर लोक त्याच्यासमोर मला विचारायचे, "ह्याला चहा चालतो का?" आणि मी सांगायची, "अर्धा कप द्या." एकोणचाळीस वर्षांचा माणूस, शेजारी बसलेला! अजून एक कबूल करते. अंगणवाडीत जाताना मी घराला बाहेरून कडी लावून जायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, कुत्रं शिरतं. आमच्या गावातल्या कुत्र्यांना इतकं भ्यावं असं काही नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण माझ्यापुढं बोलणार कोण?

गेल्या उन्हाळ्यात परभणीला इंजेक्शनसाठी गेलो तेव्हा दवाखान्यात एक नवीन समुपदेशक मॅडम आल्या होत्या. तिशीच्या आत-बाहेरची पोरगी. तिनं माझ्याकडं न बघता रंगनाथकडं बघून विचारलं, "रंगनाथराव, तुम्हाला काय करावंसं वाटतं?" मी लगेच सांगायला लागले, की त्याचं काही म्हणणं नसतं हो, दोन वेळचं जेवण आणि गोळी... ती म्हणाली, "ताई, मी त्यांना विचारलंय." मला असा राग आला म्हणता! एकोणीस वर्षं ह्याचं मी केलं आणि ही कालची पोर मला गप्प बसवते. पण बसले गप्प. खोलीतला पंखा फिरत होता. इतका वेळ गेला की मला वाटलं, आता ही कंटाळेल. ती कंटाळली नाही. मग रंगनाथ म्हणाला, "विणा."

मॅडमना काही कळलं नाही. मला कळलं. आमच्या गावात मार्गशीर्षात अखंड हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस मारुतीच्या देवळात वीणा एकदा उचलली की शेवटच्या दिवशीच्या काल्यापर्यंत जमिनीला टेकवायची नाही, रात्र असो दिवस असो. ज्याचा पहारा असेल त्यानं गळ्यात वीणा घालून उभं राहायचं, मुखानं नाम घ्यायचं, आणि पुढचा पहारेकरी आला की त्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. पहारा दोन तासांचा. वीणा टेकली तर सप्ताह खंडला. मग गावात वर्षभर जे काही वाईट होईल, कुणाची म्हैस मरेल, कुणाची पोरगी परत येईल, सगळ्याचं खापर त्या माणसाच्या डोक्यावर. आमचे दादा पंचवीस-तीस वर्षं पहारा धरायचे. रंगनाथला लहानपणी देवळात त्यांच्या पायाशी बसायचा नाद होता. हे त्याच्या मनात इतकी वर्षं होतं आणि मला, त्याच्या ताटातला घास न् घास मोजणारीला, पत्ता नव्हता.

मी मॅडमना म्हणाले, "हे होणार नाही." त्या म्हणाल्या, "का होणार नाही ते आपण एकेक बघू." आणि खरंच एकेक बघायला लागल्या. दोन तास उभं राहता येतं का? नाही. मग सराव करायचा. सकाळच्या गोळीनं दुपारी गुंगी येते, ते डॉक्टरांना सांगायचं. डॉक्टरांनी ती गोळी रात्रीवर टाकली. पहाऱ्यासाठी नाव कोण सांगणार? मी म्हणाले, मी सांगते, सप्ताह बघणारे निवृत्तीकाका माझा शब्द मोडत नाहीत. मॅडम हसल्या. "नाव त्यांचं लिहायचंय ना, मग सांगतील ते." मी येताना एसटीत सगळ्या रस्त्यानं धुसफुसत होते. रंगनाथ खिडकीतून बाहेर बघत होता, आणि गाडी बदलायला आमच्या तालुक्याचं पालम आलं तेव्हा मी न सांगता स्वतः उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

सरावाला वीणा कुठली आणायची? त्यानं माझी जुनी लांब दांड्याची छत्री घेतली. ती छातीशी धरून ओट्यापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून ओट्यापर्यंत, तोंडानं रामकृष्णहरी. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत खाली बसला. लोक येता-जाता थांबायचे. "बाई, रंग्या पावसाची वाट बघायलाय का?" मी एकेकाला असं फाडून खायचे, की पुन्हा वळून बघायची सोय नाही. पण एक दिवस रंगनाथच एकाला म्हणाला, "न्हाई, सप्त्याची तयारी हाय." तो माणूस "बरं बरं" म्हणून गेला. माझ्या शिव्यांपेक्षा ते जास्त लागू पडलं, हे मला तेव्हा पटलं नाही. दिवाळीपर्यंत त्याचे दोन तास भरायला लागले.

नाव द्यायला तो निवृत्तीकाकांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आला. मी आतल्या आत तडफडत होते. तिसऱ्या वेळी गेला आणि मी, खोटं कशाला बोलू, मागोमाग जाऊन त्यांच्या गोठ्याच्या आडोशाला उभी राहिले. काका सप्ताहाचे कारभारी, ऐंशीला टेकलेले, त्यांच्याकडं पहाऱ्याची वही असते. रंगनाथ म्हणाला, "काका, माझं नाव लिवा." काकांनी चष्मा वर करून बघितलं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, वहीत रकानेच्या रकाने कोरे. शेजारी सोपान बसला होता, आमच्याच भावकीतला. तो म्हणाला, "काका, विणा हाय ती. खाली टेकली म्हंजी?" काकांनी वहीचं पान उलटलं. मग विचारलं, "बाई बसंल का तुझ्याजवळ?" रंगनाथ म्हणाला, "अक्का नको. मी एकटाच." काकांनी पेन उचललं. "दुपारी बारा ते दोन रिकामं हाय. धर. दोनला सोपान घेईल तुझ्याकडून." मी गोठ्यात शेणात पाय देऊन उभी होते, तेही मला घरी आल्यावर कळलं.

'अक्का नको' हे शब्द मला फार लागले. रात्री भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी धुराला दोष देत होते. चूल नव्हे, गॅस होता. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून तक्रार केली. त्या म्हणाल्या, "ताई, त्या दोन तासांत तुम्ही गावात नसलात तर बरं. तुम्ही असलात की ते तुमच्याकडंच बघतील." मी त्यांना हो म्हणाले, रंगनाथला हो म्हणाले. आणि लगेच माझी बांधणी सुरू केली.

ह्या बांधणीचीच ही सगळी गोष्ट आहे. मी सोपानला एकटा गाठला आणि म्हणाले, "सोपान, तुझा पहारा दोनला असला तरी तू साडेबारालाच जा आणि वीणा घे. रंगनाथला वाईट वाटणार नाही असं कायतरी सांग. तसा बापू बसणारच आहे तिथं, पण तू जा." मग बापूला गाठला. बापू आमचा शेजारी, गरीब माणूस, माझ्या शब्दाबाहेर नाही. त्याला म्हणाले, "बापू, बारापासून देवळात बसून राहा, त्याच्यावर नजर ठेव. तसा सोपान साडेबारालाच येऊन वीणा घेणार आहे, पण तू बस." दोघंही "हाव बाई" म्हणाले. घरी येताना मी स्वतःवर खूश होते. देवावर टाकून बसणारी मी नव्हे, एकाला दोन माणसं लावून ठेवली. रंगनाथला ह्यातलं काही सांगितलं नाही.

पहाऱ्याच्या दिवशी त्यानं स्वतः अंघोळ केली, दादांचं धोतर नेसला. ते त्याला आखूड होत होतं. कपाळाला गंध लावून माझ्यासमोर उभा राहिला. मला म्हणायचं होतं, नीट धर, घाबरू नको, पाणी पिऊन जा, लघवीला जाऊन ये. एवढं सगळं गिळलं आणि म्हणाले, "जा." माझ्या चष्म्याची काडी मोडली होती, ते निमित्त करून मी दहाच्या गाडीनं पालमला गेले. चष्मेवाल्यानं काडी पाच मिनिटांत बसवून दिली. माझा बेत असा, की बाराच्या गाडीनं परत फिरायचं, साडेबाराला सोपाननं वीणा घेतलेली देवळाच्या भिंतीआडून बघायची आणि काही न बघितल्यासारखं घरी जायचं. मॅडमना काय कळतंय!

बाराची गाडी आलीच नाही. एकची आली ती दीडला. पालमपासून सात-आठ किलोमीटरवर तिचं मागचं चाक बसलं. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईल, सावलीत थांबा. सावली म्हणजे एक बाभळ आणि आम्ही तीस माणसं. अडीच वाजले. मनाला म्हटलं, आता काय, सगळं पार पडलं असेल, सोपानच्या गळ्यात वीणा असेल, रंगनाथ घरी जाऊन झोपला असेल. तरी बापूला फोन लावला.

"बापू, झालं ना सगळं नीट?"

"मी हरभऱ्याला पाणी द्यायलोय बाई. लाइट आलती. सोपान घेणार म्हणले तुमी, मग मी कशाला बसू म्हणलं."

 सोपानला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आणि मला उन्हात उभ्या उभ्या लख्ख कळलं, की तोही गेलेला नाही. त्याला मीच सांगितलं होतं, बापू बसणार आहे. दोघांना एकमेकांच्या भरवशावर मीच निवांत केलं होतं. म्हणजे बारापासून रंगनाथ एकटा. दुपारच्या पंगतीनंतर देवळाकडं काळं कुत्रं फिरकत नाही. दोन वाजून गेले, घ्यायला कुणी नाही, आणि वीणा खाली ठेवता येत नाही. पाय थरथरायला लागले असतील. आवाज सुरू झाले असतील. ठेवली असेल त्यानं वीणा खाली. आता सोपान गावभर सांगेल, मी म्हणलो नव्हतो का. आणि माझा भाऊ पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसेल तो कायमचाच.

मग मी देवाशी बोलले. बाभळीच्या पलीकडं जाऊन, लोकांकडं पाठ करून, मोठ्यानं बोलले. बोलले म्हणजे भांडलेच. म्हटलं, एवढी वर्षं तुला काही मागितलं नाही, एक दिवस फक्त सुखानं जाऊ दे म्हटलं तर गाडी पंक्चर करतोस? त्या लेकरानं काय बिघडवलं होतं तुझं? माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढ. बोलता बोलता रडायला लागले, आणि रडता रडता तोंडातून निघून गेलं, "माझ्याच्यानं आता काही होत नाही रे. तूच बघ आता." हे काही मी भक्तीनं म्हटलं नव्हतं. सगळे उपाय हरलेली बाई जे म्हणते ते म्हटलं होतं. एका बाईनं मला पाणी दिलं. कुणाचं काय झालं म्हणून विचारलं नाही, तेवढी मेहरबानी.

दुसरी गाडी आली. फाट्यावर उतरले तेव्हा पावणेचार झाले होते. फाट्यापासून देऊळ अर्धा कोस. माझे गुडघे काय धावायचे आहेत, पण धावले. चप्पल तुटली ती हातात घेतली. देवळाजवळ आले तर समोरून सोपान पळत येत होता, केस विस्कटलेले, झोपेतून उठलेला. "बाई, डोळा लागला वो... बापू हाय म्हणलाव तुमी..." मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. आतून आवाज येत होता. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. बारीक, घसा बसलेला, पण थांबत नव्हता.

दाराशी आले. रंगनाथ उभा होता. गळ्यात वीणा, दोन्ही हातांनी धरलेली, धोतर घामानं पायाला चिकटलेलं. त्याच्यापुढं एक अनोळखी म्हातारा मांडी घालून बसला होता, शेजारी घोंगड्यांचं गाठोडं, हातात देवळातले टाळ. रंगनाथच्या नामाला तो टाळ धरत होता. आणखी कुणी नाही. मी उंबऱ्यात पाय टाकणार, 'आण ती वीणा इकडं' म्हणणार, तेवढ्यात सोपान माझ्या बाजूनं आत घुसला आणि हात पुढं केले.

रंगनाथ एक पाऊल मागं सरला. म्हणाला, "सोपानराव, अगोदर हातपाय धुवा."

 सोपान गेला, हौदावर हातपाय धुतले, ओल्या पायानं परत आला. रंगनाथनं वीणा सावकाश त्याच्या गळ्यात घातली, हात काढायच्या आधी ती नीट बसली का ते बघितलं. रीत अशी आहे, की देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांच्या पायाला हात लावायचा. रंगनाथ वाकला. सोपानही वाकला. ज्याला सगळं गाव येडा रंग्या म्हणायचं, त्याच्या पायाची धूळ सोपाननं कपाळाला लावली आणि नाम सुरू केलं. मी दाराबाहेर चप्पल हातात धरून उभी होते. मला आत जावंसं वाटलं नाही.

म्हातारा टाळ ठेवून, गाठोडं खांद्यावर टाकून बाहेर आला. मला विचारलं, "तुमचे कोण?"

"भाऊ माझा."

"चांगलं धरतेत," म्हणाला आणि फाट्याच्या वाटेला लागला. मला त्याला थांबवून काही विचारायचं सुचलंच नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही.

आत काय झालं ते मला रंगनाथनं संध्याकाळी सांगितलं. एका दमात एवढं तो एकोणीस वर्षांत बोलला नव्हता, म्हणून त्याच्याच शब्दांत लिहिते. "अक्का, दोनपर्यंत चांगलं गेलं. मंग सोपानराव आले न्हाईत. माझे पाय कापायले. ते आवाज बी आले. टाक खाली, टाक खाली म्हणायलते. मी म्हणलं, थांबा, पहारा चालू हाय. तरी लय म्हणायले. मंग ते घोंगडीवाले बाबा पाणी प्यायला आले. मी त्यांला म्हणलं, बाबा, तुमी घेता का? ते हातपाय धुऊन आले. समोर उभं ऱ्हायले अन् म्हणले, घेतो की, पर मला सांगा, तुमी दमलाव का भेलाव?"

"मग तू काय म्हणालास?"

"मी इचार केला. म्हणलं, भेलोय. ते म्हणले, मंग धरा. भेल्यावर सोडलं तर पुन्हा धरवत न्हाई. मी बसतो हितं. दमलाव की सांगा, मी हायच. मंग त्यांनी टाळ घेतले. मला पाणी पाजलं, दोनदा. आवाज व्हतेच, पर टाळाच्या मागं गेले."

"आणि दमला नाहीस?"

"दमलो की. पर तेवढ्यात सोपानराव आले."

 एकोणीस वर्षं त्याच्याबरोबर एका घरात राहून बाबांचा तो प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नव्हता. तो गप्प झाला की मी धरून ठरवायची, की त्याला झेपत नाही, आणि हातातलं काढून घ्यायची. दमलाय की भ्यालाय, कुणी विचारलं? ह्या वाटेवरच्या माणसानं विचारलं, तेही 'तुमी' म्हणून. आणि त्याला विचारता आलं ते अशामुळं, की रंगनाथनं त्याला हाक मारली. मी तिथं असते तर त्यानं माझ्याकडं बघितलं असतं. बापू असता तर बापूनं न विचारताच घेतली असती. साडेबाराला सोपान आला असता तर माझा भाऊ अर्ध्या तासाचा पहारेकरी होऊन घरी आला असता आणि का काढून घेतली ते त्याला बरोबर कळलं असतं. त्याला सगळं कळतं. मी केलेली एकेक तजवीज त्या दिवशी कुणीतरी वेचून बाजूला काढली. गाडीसुद्धा.

सोपान आणि बापूवर मी चिडणार होते, पण तोंड उघडायला जागा होती कुठं! दुसऱ्या दिवशी दोघंही खाली मान घालून आले, तर मीच म्हणाले, "चुकलं माझं." दोघं एकमेकांकडं बघायला लागले. बाईच्या तोंडून असं काही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. घोंगडीवाल्याची चौकशी केली. एकदोघांनी त्याला फाट्यावर बघितलं होतं, कुणी घोंगडी घेतली नव्हती. कुठल्या गावचा ते माहीत नाही. कुणी म्हणतं, बाई, तो देवच. असेल, नसेल, मी त्यात पडत नाही. मला तो मिळाला तर त्याच्यासमोर बसून एक भाकरी वाढायची आहे, तेवढंच.

रंगनाथचा आजार गेलेला नाही, हेही लिहायला हवं. इंजेक्शन चालू आहे, गोळ्या चालू आहेत. मधे आठ दिवस वाईट गेले, जेवण सोडलं होतं. मी हात धरून दवाखान्यात नेणार होते, मग विचारलं, "दमलास का भ्यालास?" तो म्हणाला, "दोन्ही. दवाखान्यात जाऊ." असं स्वतःहून तो पहिल्यांदाच म्हणाला. मॅडमना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी रंगनाथकडं बघून नमस्कार केला, आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमचा पहारा जास्त अवघड होता." 

आयुष्यभर मला वाटत होतं, देवावर टाकायचं म्हणजे हात बांधून बसायचं, आणि तसलं बसणं माझ्या रक्तात नाही. पण त्यानं माझ्याकडं बसणं मागितलंच नव्हतं. माणूस उभा राहायला निघाला तर त्याच्या वाटेतून बाजूला हो, एवढंच मागितलं होतं, आणि तेवढं मला आपणहून जमेना म्हणून त्यानं माझी एसटी अडवली. त्याचे उपकार कसे फेडू? देवा, तू मला माझ्या भावापासून सोडवलंस आणि त्याला माझ्यापासून. दोघांना पोटात घेतलंस.

त्याच सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी सकाळी रंगनाथ अंघोळ करून निघाला. मी विचारलं, किती वाजता येशील, जेवायला काय करू. तो दारातून म्हणाला, "अक्का, मी पंगतीत वाढायला हाय. जेवणबी तितंच. तू थांबू नको." आणि गेला. दुपारी मी एकच ताट घेतलं. एकोणीस वर्षांत मी त्याच्या आधी कधी जेवले नव्हते. पहिल्या घासाला रडू आलं, खूप आलं. मग डोळे पुसले आणि पोटभर जेवले.